सगळ्यांना आठ-आठ

विशाखा खरातला राग लवकर येतो, हे तिला तोंडावर सांगायची सोय नाही. मग तो आणखी येतो. पण तो उगाच येतो असं मात्र कोणी म्हणू नये. गारखेड्यातल्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती कॉम्प्युटरचं सगळं बघते, तिथं कोणीही आठवडाभर तिच्या खुर्चीत बसून दाखवावं आणि मग बोलावं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की विशाखा मॅडम. डॉक्टरांना पासवर्ड आठवेना की विशाखा मॅडम. एका विश्वस्तांच्या नातवाच्या मोबाइलवर गेम उतरेना, तरी विशाखा मॅडमच. आणि ज्या कामासाठी तिला खरोखर नेमलंय, म्हणजे तळमजल्यावरच्या थंड खोलीतला सर्व्हर धड चालता ठेवणं, त्याबद्दल ती चार वाक्यं बोलली की समोरच्याला जांभई येते.

तिचे वडील कडुबा खरात चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वायरमन होते. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरात टेस्टर आणि पक्कड हीच पोरीची खेळणी. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच वायर हलवायची, दोन हलवल्या की दिवा कशानं लागला ते कळत नाही, हे कडुबांनी तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं. ती शहरातल्याच कॉलेजातून इंजिनिअर झाली, पुण्यात काही वर्षं मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळले. मग कडुबांची नजर गेली, आई लीलाबाईला एकटीला सगळं झेपेना, म्हणून ती परत आली. परत आल्याचा तिला पस्तावा नाही. मात्र पुण्यात तिचं म्हणणं निदान ऐकून घ्यायचे, एवढं ती चिडली की बोलून दाखवते.

आता त्या सर्व्हरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. थंड खोलीतल्या कपाटात मशीन एकच, पण त्याच्या पोटात आठ सर्व्हर नांदतात. ते खरे नव्हेत, आभासी. लॅबचा एक, एक्स-रेचा एक, अकाउंट्सचा एक, मेडिकल स्टोअरचा एक, असे. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र यंत्र आहोत. प्रत्यक्षात सगळे मिळून त्या एकाच मशीनचे सोळा कोअर वापरतात. कोअर म्हणजे काम उरकणारा हात समजा. घरं आठ, हात सोळा. विशाखानं सुरुवातीला प्रत्येकाला दोन-दोन नेमून दिले होते आणि गाडं बिनबोभाट चाललं होतं.

मग एक्स-रेत नवीन यंत्र आलं. त्याची चित्रं जड, त्यांना जास्त हात लागणार हे खरंच होतं. तिनं त्यांना आठ दिले. ही बातमी अकाउंट्सच्या बद्रीनाथ मुळ्यांना कळली. मुळे माणूस हुशार, हिशोबाला पक्का, पण दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय यावर त्यांचं लक्ष स्वतःच्या ताटापेक्षा अंमळ जास्त. ते तडक प्रशासक शिवराज साबळ्यांच्या केबिनमध्ये गेले. एक्स-रेला आठ आणि अकाउंट्सला दोन, म्हणजे अकाउंट्सची काही इज्जतच नाही का, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पाठोपाठ मेडिकलवाले आले, मग हजेरीवाले आले.

शिवराज साबळे फुलंब्रीकडच्या जमीनदार घरातले. गावाकडे लग्न कोणाचंही असो, माईक त्यांच्या हातात. 'अमुक गावचे तमुकराव आलेत, त्यांचा सत्कार' असं पुकारत ते एकेकाच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी चढवत राहतात. वधू-वर घामानं भिजून अक्षतांची वाट बघत असतात, पण टॉवेल-टोपी मिळाल्याशिवाय एकही पाहुणा सुटत नाही. कारण एकाला दिली आणि दुसऱ्याला राहिली, तर तो दहा वर्षं बोलून दाखवतो. साबळे सर मनानं वाईट नाहीत, उलट फारच चांगले आहेत. कोणी नाराज होऊन जाता कामा नये, हे त्यांचं एकमेव तत्त्व आहे आणि हॉस्पिटलही ते त्याच तत्त्वावर चालवतात.

"सगळ्यांना आठ-आठ करून टाका मॅडम," ते म्हणाले. "घरचंच आहे. कुठं विकत आणायचंय?"

"सर, सोळात चौसष्ट कसे बसतील?"

"ते सॉफ्टवेअर बसवतं, असं तुम्हीच म्हणाला होतात की. एक हात अनेकांना वाटून देता येतो म्हणून."

म्हणाली होती ती, अगदी पहिल्या महिन्यात. तिचंच वाक्य तिच्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर बसवतंच, नाही म्हणत नाही. फक्त मग सगळ्यांना थांबावं लागतं. पण तेवढं ऐकायला केबिनमध्ये कोणी उरलं नव्हतं. तिनं दात-ओठ खात सगळ्यांना आठ-आठ दिले.

नेमकं त्याच सुमारास रूपाली गव्हाणे कामाला लागली. रूपाली विशाखाच्या शेजारच्या गल्लीतली. आधी एका कंपनीत पॅकिंगला होती, पाळीभर उभं राहून तिच्या पायाच्या शिरा सुजायच्या. रिपोर्ट काउंटरवरची सोनिया लग्न होऊन जालन्याला गेली, जागा निघाली, तेव्हा विशाखानंच रूपालीला सांगितलं. बसून करायचं काम आहे, एवढं ऐकून रूपालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नेमणूक कंत्राटावरची होती. ठेकेदार महिन्याच्या महिन्याला नावं पुढं चालू ठेवायचा.

काम साधं होतं. पेशंटची पावती घ्यायची, नंबर टाकायचा, लॅबच्या सर्व्हरवरून रिपोर्ट छापून द्यायचा. पण रूपाली बटण दाबायची आणि काहीच व्हायचं नाही. पडद्यावरचं चक्र फिरत राहायचं. समोरचा माणूस तिच्याकडे बघायचा, ती चक्राकडे बघायची. आपलं दाबणं पोचलंच नाही असं वाटून ती पुन्हा दाबायची, आणि मग बऱ्याच वेळानं एकाचे दोन रिपोर्ट निघायचे. एकदा त्यातला जास्तीचा कागद भलत्याच माणसाच्या हातात गेला. दुसऱ्याचं निदान आपलं समजून तो रडायला लागला आणि हॉस्पिटलभर गलका झाला. लाईन दारापर्यंत, दाराबाहेर, पार रिक्षांपर्यंत जाऊ लागली.

हॉस्पिटलात एक अर्थ सगळ्यांना आपोआप लागला. सोनिया होती तेव्हा लाईन नव्हती, ही आली आणि लाईन लागली. म्हणजे हिचा हात मंद आहे. तासाला किती रिपोर्ट निघाले याचा आकडा साबळे सरांच्या टेबलावर जायचा आणि तो सोनियाच्या निम्माही नसायचा. त्या तासातला किती वेळ रूपाली नुसती चक्राकडे बघत बसली होती, याचा हिशोब कुठंच नव्हता.

विशाखा काउंटरवर गेली. मागून बघितलं. पोरीच्या हातात काही खोट नव्हती. बोटं भराभर चालत होती. तिनं साबळे सरांना सांगितलं की सर्व्हर अडतोय. साबळे सरांनी मुळ्यांना बोलावलं, कारण आकड्यांचं त्यांना कळतं. मुळ्यांनी लॅबच्या सर्व्हरचा पडदा उघडायला लावला. तिथं वापराचा आलेख होता, तीस टक्क्यांच्या आसपास डुलत.

"तीस टक्के," मुळे म्हणाले. "म्हणजे मशीन सत्तर टक्के निवांत बसलंय. मग अडतंय कोण?"

आणि त्यांनी काउंटरकडे बघितलं.

इथं विशाखाला पहिल्यांदा वाटलं की डोकं भिंतीवर आपटावं. स्वतःचं नव्हे, मुळ्यांचं. कारण ते तीस टक्के लॅबच्या सर्व्हरनं स्वतःबद्दल सांगितलेले होते. हात मिळाले तेवढ्या वेळात त्यानं काय केलं, तेवढंच त्याला ठाऊक. हात मिळायच्या आधी तो किती ताटकळला, याची त्याला गंधवार्ता नसते. घोरणाऱ्याला विचारावं, रात्री आवाज झाला का, तर तो नाहीच म्हणणार. खरं कळायला खालच्या मूळ मशीनचा आलेख बघावा लागतो. कोणता सर्व्हर काम घेऊन तयार उभा होता, पण हात रिकामा नव्हता म्हणून किती वेळ थांबला, ते तिथं दिसतं. या धंद्यात त्याला 'रेडी टाइम' म्हणतात.

तिनं तो आलेख काढला. आकडे बघून तिला आधी धक्का बसला आणि मग, खरं सांगायचं तर, आनंद झाला. आता सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. तिनं घाईघाईनं टक्केवारी काढली, मोठ्या अक्षरात छापली आणि सोमवारच्या बैठकीत सगळ्या विभागप्रमुखांसमोर ठेवली. लॅबचा सर्व्हर, थांबण्याचा वेळ, एकशेसाठ टक्के.

मुळ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम, शंभरातले एकशेसाठ टक्के थांबला? म्हणजे मिनिटाला साठ सेकंदांपेक्षा जास्त थांबतो हा?"

आधी एक्स-रेवाला हसला, मग मेडिकलवाला, मग सगळेच. साबळे सर हसले नाहीत, पण त्यांनी पाण्याचा ग्लास उचलून तोंडापुढे धरला.

चूक तिचीच होती, आणि पोरकट चूक होती. तो आलेख आठही कोअरची थांबण्याची बेरीज देतो. टक्के काढताना आठानं भागायचं असतं. पुण्यात हे तिनं कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं. रागाच्या भरात तीच विसरली. तिचे कान तापले. तिनं तिथल्या तिथं भागाकार केला आणि सांगितलं, वीस टक्के.

"वीस ना?" मुळे म्हणाले. "म्हणजे ऐंशी टक्के वेळ तर थांबत नाही. ऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन की मॅडम."

"मुळे साहेब, ही परीक्षा नाहीये. हा आकडा पाचाच्या वर गेला तरी माणसाला जाणवायला लागतं. वीस म्हणजे फार वाईट."

"आत्ता तुम्ही एकशेसाठ म्हणत होता. उद्या पाच म्हणाल. आम्ही कोणतं धरायचं?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ऐकणारा नव्हता. एकदा चुकलेल्या माणसाच्या बरोबर आकड्यालाही कोणी विचारत नाही. बैठक पुढं कँटीनच्या चहाकडे वळली. बाहेर पडताना मुळे कोणाला तरी म्हणाले की मॅडमनीच ती पोरगी चिकटवलीय, तिच्यासाठी मशीनवर आळ घेतायत. हे तिनं ऐकलं आणि जिन्यात उभी राहून ती इतकी संतापली की तिला रडू आलं. तोंड धुऊन मगच ती खाली गेली.

घरी लीलाबाई वाटच बघत होती. गल्लीतल्या बातम्या तिला विशाखाच्या आधी कळतात.

"रूपालीची माय आली व्हती," ती म्हणाली. "पोरीला काढणार म्हणं."

"मी बघतेय ना आई."

"बघतेय काय? तूच लावली तिला. लोकांना काय सांगू मी, की माझी पोरगी तिथं बसून नुसती बघत व्हती?"

"अगं, मशीन अडतंय. तिची काहीच चूक नाही."

"मंग मशीन नीट कर. त्याच्यासाठीच ठेवलंय ना तुला?"

कडुबा खाटेवर पडल्या पडल्या हसले. विशाखा जेवलीच नाही. आईचा राग आला म्हणून नव्हे, तर आईचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती आलेख-बिलेख न घेता साबळे सरांकडे गेली. टक्केवारीनं वाट लावली होती, तेव्हा तिनं त्यांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं.

"सर, तुमच्या गावाकडं लग्न आहे समजा. मांडवात एका वेळी सोळा पानं बसतात. आठ घरचे पाहुणे आलेत, प्रत्येक घरचे आठ. आणि प्रत्येक घर म्हणतं, आम्ही बसलो तर आठही जण एकत्र बसू, नाहीतर बसणार नाही. मग किती घरं बसतील?"

"दोन."

"बाकीची सहा घरं दाराशी उभी. त्यातल्या एखाद्या घरात खरी भूक एकालाच लागलीय. पण तो एकटा आत जाऊ शकत नाही. त्याच्यासकट आठ पानं एकदम रिकामी होईपर्यंत त्याला उपाशी उभं राहावं लागतं. लॅबचं तेच झालंय. दोघं-दोघं बसवा, पंगत भराभर उठेल. एक्स-रेला चार ठेवू, बाकी सगळ्यांना दोन. बेरीज सोळाच्या थोडी वर जाते, तेवढं चालतं."

साबळे सरांना पंगत लगेच कळली. आठही जणांनी एकदमच बसायची अट खरं तर इतकी तंतोतंत नसते, पुढं-मागं होतं, हे ती बोलली नाही. ते पेपरवेट फिरवू लागले.

"तुमचं पटतंय मला," ते म्हणाले. "पण पाहुण्यांना सांगायचं कोणी, की तुमची सहा पानं काढून घेतोय? दिलेली टोपी डोक्यावरून काढायची म्हणजे बेइज्जतीच की हो."

"मी सांगते."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलं की भांडण होतं."

ते स्वतः एकेकाकडे गेले. चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, तात्पुरतं आहे म्हणाले. सगळे कुरकुरत कबूल झाले, मुळे सोडून. मुळ्यांची एक अट होती. कोअर कमी करायचे तर करा, पण आधी काउंटरवरची पोरगी बदला. त्यांनी तिच्याबद्दल दोनदा लेखी तक्रार केली होती आणि त्या तक्रारींचं काहीच झालं नव्हतं, हा त्यांचा अपमान होता. शुक्रवारी साबळे सरांनी विशाखाला बोलावलं तेव्हा ते भलतेच खूश होते.

"मिटलं बघा सगळं. रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा तुम्ही सगळ्यांचे कोअर कमी करून घ्या. आणि सोमवारी महिना लागतोय, त्या दिवसापासून काउंटरवर बिलिंगमधली मोनिका बसेल. ठेकेदाराला कळवलंय."

विशाखा टेबलावर पुढं वाकली.

"सर, असं करू नका. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळणारच नाही. आधी कोअर कमी करू द्या. रूपालीला तिथंच ठेवून आठ दिवस बघा. तरी लाईन राहिली तर तुम्ही काढा तिला, मी एक शब्द बोलणार नाही."

"मॅडम, तुमचंही ऐकलं, मुळ्यांचंही ऐकलं. आता कोण नाराज राहिलं सांगा?"

"रूपाली."

"तिचं बघू पुढं. जागा निघाली की पहिलं नाव तिचं."

तिनं आवाज चढवला. आधी आठवड्याचं बोलली, मग चार दिवसांचं, शेवटी दोन दिवस तरी द्या म्हणाली. साबळे सर मान हलवत राहिले आणि हसत राहिले. त्या हसण्यावर डोकं आपटून काही फुटत नाही, उशीच ती. ती म्हणू शकली असती की मग मी कोअरला हातच लावत नाही. हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, आणि ती तशीच खाली आली.

शनिवारी ती काउंटरकडे फिरकली नाही. पण लाईन तिच्या खिडकीतून दिसत होती आणि बोलणंही ऐकू येत होतं. खुलताबादहून आलेली द्वारकाबाई नावाची एक म्हातारी सकाळपासून नवऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी उभी होती. रिपोर्ट हातात पडला तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. तिला सांगितलं, सोमवारी या. म्हातारी कोणावर ओरडली नाही. नवऱ्याला हाताला धरून, दारापुढच्या पायऱ्या उतरवून घेऊन गेली. संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसानं रूपालीला सांगितलं, तेही विशाखानं खिडकीतूनच बघितलं.

रविवारी दुपारी ती थंड खोलीत एकटीच बसली होती. आता काम सोपं होतं. एकेक सर्व्हर बंद करायचा, आठाचे दोन, एक्स-रेचे तेवढे चार करायचे, पुन्हा सुरू करायचा. पण तिचा हात उठेना. कारण तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. तिनं आज काहीच केलं नाही, तर उद्या मोनिका त्या खुर्चीत बसेल, बटण दाबेल आणि तेच चक्र फिरत राहील. लाईन तशीच राहील. दोन-तीन दिवसांत मुळ्यांनाही कबूल करावं लागेल की दोष पोरीच्या हातात नव्हता. रूपालीची बाजू मांडायला विशाखाला तोंडही उघडावं लागणार नाही. फक्त आज गप्प बसायचं. काहीतरी तांत्रिक अडचण आली म्हणून सांगायचं. या इमारतीत तिची तांत्रिक अडचण तपासणारा कोणी नव्हता.

आणि द्वारकाबाई उद्या परत येणार होती. तिच्यासारख्या कितीतरी येणार होत्या, बस धरून, उपाशीपोटी रक्त द्यायला. त्यांनी आणखी तीन दिवस ताटकळायचं, ते विशाखाला मुळ्यांपुढं शाबीत करून दाखवायचंय म्हणून?

तिला सगळ्यांचाच राग आला. साबळ्यांचा, मुळ्यांचा, स्वतःच्या त्या एकशेसाठचा. तो भागाकार बरोबर आला असता तर कदाचित हा दिवसच उगवला नसता. मग तिनं लॅबचा सर्व्हर बंद केला आणि आठाचे दोन केले. चहाच्या वेळेपर्यंत सगळे सर्व्हर पुन्हा चालू झाले होते. मूळ मशीनच्या आलेखात थांबण्याची रेघ तळाला जाऊन टेकली होती. एवढं चांगलं काम तिनं गेल्या वर्षभरात केलं नव्हतं, आणि तिला जराही बरं वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मोनिका बसली. बटण दाबलं की कागद बाहेर. द्वारकाबाई आली, रिपोर्ट घेतला, डॉक्टरांना दाखवून औषधं घेऊन गेलीसुद्धा. अकरा वाजता काउंटरसमोर चार माणसं होती. साबळे सर खाली आले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघा मॅडम. पोरगी बदलली आणि लाईन गेली."

"सर, कोअर कमी केले म्हणून गेली. मी आलेख दाखवते, कालच्या आधीचा आणि नंतरचा."

"आलेख राहू द्या हो," ते प्रेमानं म्हणाले. "त्यानं परवा एकशेसाठ दाखवले होते. तुमचंही काम झालं, मुळ्यांचंही झालं. सगळे खूश आहेत. कशाला उकरता?"

मुळे मागून आले आणि अगदी मनापासून म्हणाले की अकाउंट्सचंही काम आज झटपट होतंय, बहुधा काउंटरवरचा गोंधळ कमी झाल्यामुळं.

दुपारी रूपाली आली. आयकार्ड आणि कपाटाची चावी परत द्यायला आली होती, पण वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात न जाता काउंटरपासून थोडी लांब, खांबाला टेकून उभी राहिली. विशाखा तिच्याजवळ गेली. मोनिका पावती घेत होती, बटण दाबत होती, कागद देत होती. रूपाली तिच्या बोटांकडं एकटक बघत होती.

"लई चपळ हात हाये तिचा," रूपाली म्हणाली.

"हाताचं नाही गं ते. मशीनच अडलं होतं. काल मी ते नीट केलं. तुझं काहीच चुकत नव्हतं."

"असू द्या ताई. तुमी मनानं चांगल्या, म्हणून म्हणता." तिनं चावी या हातातून त्या हातात घेतली. "मी आले तवा लाईन लागली. मी गेले आन लाईन हटली. मला का कळत नाय? घरी बी मी तेच सांगितलं, की माझा हातच मंद हाये."

विशाखानं तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात धरलं की रूपाली दचकली. तिला ओढतच ती काउंटरच्या आत घेऊन गेली.

"मोनिका, दोन मिनिटं ऊठ. रूपाली, बस."

"ताई, माझं नाव नाय आता हितं."

"बस म्हणते ना."

रूपाली खुर्चीच्या कडेवर बसली. समोरच्या माणसानं पावती पुढं केली. तिनं नंबर टाकला, बटण दाबलं आणि सवयीनं हात मांडीत घेऊन पडद्याकडं बघत राहिली. कागद केव्हाच बाहेर आला होता. समोरच्या माणसानंच बोट दाखवलं, तेव्हा तिला दिसला. तिनं तो दिला, दुसरी पावती घेतली. दाबलं, आला. तिसरी. चौथी. आता ती कडेवरून सरकून खुर्चीत नीट बसली होती आणि तिची बोटं मोनिकापेक्षाही भराभर चालत होती. पाचवा कागद तिनं प्रिंटरमधून काढला आणि हातात धरून थांबली.

"म्हंजे माझा हात बरा व्हता," ती म्हणाली.

"बराच होता. पहिल्या दिवसापासून."

"तुमाला माहीत व्हतं?"

"होतं."

"आन मला काढणार, ते बी माहीत व्हतं?"

"होतं."

रूपालीनं कागद ज्याचा होता त्याला दिला. तिच्या चेहऱ्यावर जरा वेळापूर्वी आलेला उजेड निघून गेला होता. ती विचार करत होती, आणि विशाखाला ती काय विचारणार हे ती विचारायच्या आधीच कळलं.

"मंग ताई, चार दिस काहून थांबल्या नाय? ही बी माझ्यासारखीच अडकली असती. समद्यांला आपोआप दिसलं असतं."

विशाखाजवळ उत्तर होतं. कालपासून ते तयार होतं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"लाईनीत माणसं होती गं," ती म्हणाली.

"मी बी व्हते की," रूपाली म्हणाली.

ती ओरडून बोलली नाही. तिनं पुढच्या माणसाची पावती घेतली, नंबर टाकला, रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. मग आयकार्ड आणि चावी विशाखासमोर टेबलावर ठेवून तिनं मोनिकाला खुर्ची मोकळी करून दिली.